सी ड्राइव्ह लाल झाली म्हणून पार्टिशनला हात घालण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. सदाशिव पेठेत तुमचं डीटीपीचं काम. विंडोज ११ चा कॉम्प्युटर, त्यात ५०० जीबीची एसएसडी. सी ड्राइव्ह ११९ जीबीची, तिचा पट्टा लाल झालाय आणि कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं की जागा नाही म्हणून कुरकुरतं. डी ड्राइव्ह ३४५ जीबीची, तिच्यात २०० जीबी मोकळे. डीतली जागा सीला द्यायची म्हणून ओळखीच्या एकाने पेन ड्राइव्हवर पोर्टेबल पार्टिशन सॉफ्टवेअर (डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, लहान-मोठे करणारं) आणून दिलंय आणि वर सांगितलंय, ‘इन्स्टॉलच करायचं नाही, मग बिघडणार काय?’ कॉम्प्युटर दुरुस्तीवाला याच कामाचे हजार रुपये मागतोय. दिवाळी अंकाची पानं त्याच मशीनवर आहेत. तर हे घरच्या घरी करावं का?

करता येईल. पण त्या ओळखीच्याचं वाक्य डोक्यातून काढून टाका. पोर्टेबल म्हणजे प्रोग्रॅम विंडोजमध्ये बसवावा लागत नाही, फोल्डरमधून थेट चालतो, एवढंच. तो डिस्कवर जे लिहितो ते इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमइतकंच खोल लिहितो. शेजारणीकडून मागून आणली म्हणून विळीची धार कमी होत नाही.

पोर्टेबल प्रोग्रॅमांमध्ये मी सरळ दोन गट करतो, नुसते बघणारे आणि लिहिणारे. क्रिस्टलडिस्कइन्फो डिस्कची तब्येत दाखवतं, विझट्री कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते दाखवतं. दोन्ही पोर्टेबल मिळतात आणि दोन्ही मी बिनधास्त चालवतो, कारण ती वाचतात. पार्टिशनचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांतलं. ते चालवताना हात थोडा जड ठेवायचा.

आता तुमची सी ड्राइव्ह. एक्सप्लोररमध्ये पट्टा लाल होतो तो साधारण १० टक्क्यांपेक्षा कमी जागा उरली की. माझ्याकडे ‘सी वाढवून द्या’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच मशीनवर पार्टिशनला हात लावायची वेळच येत नाही. विझट्री लावून बघा. डाउनलोड्समध्ये तीच जाहिरात सात वेळा उतरवलेली सापडेल. तात्पुरत्या फाइलींचा टेम्प फोल्डर तुडुंब असेल. विंडोजचं मोठं अपडेट नुकतंच झालं असेल तर ‘विंडोज डॉट ओल्ड’ हा जुन्या विंडोजचा फोल्डर असेल, ते दहा दिवसांनी आपोआप जातं आणि घाई असेल तर स्टोरेज सेटिंग्जमधून काढता येतं. हायबरनेशनची, म्हणजे मशीन झोपवताना रॅममधलं काम डिस्कवर ठेवायची फाइल असते, ती रॅमच्या साधारण ४० टक्के, म्हणजे १६ जीबी रॅमच्या मशीनवर सहा जीबीच्या वर. डेस्कटॉप वापरत असाल तर हायबरनेशन बंद करून ती जागा मोकळी करा, काही अडत नाही. डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स या फोल्डरांवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये लोकेशनचा टॅब असतो, तिथून ते डीवर हलवा. फोटोशॉप असेल तर त्याची स्क्रॅच डिस्क, म्हणजे तात्पुरत्या कामाची जागा, डीवर द्या. एवढ्यानं ३० जीबी सुटले तर अंक छापायला जाईपर्यंत थांबा. ऐन दिवाळी अंकाच्या गडबडीत पार्टिशन हलवणं मला पटत नाही.

तरीही वाढवायचीच असेल तर आधी नकाशा बघू. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. डिस्क शून्यच्या ओळीत डावीकडून असं दिसेल: १०० एमबीचं ईएफआय, मग ११९ जीबीची सी, मग ७५० एमबीच्या आसपासचं रिकव्हरी पार्टिशन (विंडोज बिघडलं तर दुरुस्तीला लागणारं), मग ३४५ जीबीची डी. एकूण ४६५ जीबी. (उरलेले ३५ जीबी दुकानदाराने खाल्ले नाहीत. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, हा त्यातला फरक. यावरून मी दुकानात भांडणं बघितली आहेत.) ईएफआय छोटंसं दिसतं म्हणून ‘हे काय कामाचं’ म्हणत कोणी उडवतं, आणि मग मशीन सुरूच होत नाही. त्याच्याकडे बघायचंही नाही.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये सीवर राइट क्लिक केलं तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकट दिसेल. कारण सी वाढू शकते ती फक्त तिच्या उजव्या कुशीला लागून कुठल्याच पार्टिशनमध्ये नसलेली मोकळी जागा असेल तर. तुमच्याकडे उजवीकडे रिकव्हरी बसलंय आणि त्याच्या पलीकडे डी. विंडोजचं स्वतःचं हत्यार पार्टिशन सरकवू शकत नाही. इथेच लोक बाहेरचं सॉफ्टवेअर शोधायला लागतात आणि त्यात त्यांची चूक नाही.

सगळ्यात महत्त्वाचं इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. पार्टिशनची उजवी कड हलवणं आणि डावी कड हलवणं ही दोन वेगळी कामं आहेत. उजवी कड पुढे नेली की फाइल सिस्टीमच्या नोंदींत फरक होतो, डेटा जागचा हलत नाही, काम काही सेकंदांत उरकतं. डावी कड हलवायची म्हणजे पार्टिशनची सुरुवातच दुसरीकडे जाते, आणि त्यातला सगळा डेटा उचलून नव्या जागी ठेवावा लागतो. जुन्या हार्ड डिस्कवर एकाच डिस्कमधून वाचायचं आणि तिच्यावरच लिहायचं, तेव्हा सेकंदाला ४० एमबी मिळाले तर नशीब. ३०० जीबी असतील तर दोन तास होऊन जातात. एसएसडीवर वेळ बराच कमी लागतो, पण धोका तोच राहतो. त्या वेळात वीज गेली, पेन ड्राइव्ह हलला, कोणी कंटाळून कॅन्सल दाबलं, तर अर्धा डेटा जुन्या जागी आणि अर्धा नव्या. सॉफ्टवेअरच्या चित्रात मात्र दोन्ही कामं सारखीच दिसतात. माउसने कड धरायची, ओढायची. म्हणूनच फसायला होतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका वकिलांच्या ऑफिसातल्या डेस्कटॉपवर मी स्वतः डीची डावी कड सरकवत बसलो होतो. १ टीबीची हार्ड डिस्क, पडद्यावर चार तासांचा अंदाज. वार गुरुवार. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाते ती गुरुवारीच, आणि पुण्यात राहून गुरुवारी हे काम काढलं, तिथेच माझी अक्कल कळते. ३८ टक्क्यांवर वीज गेली. यूपीएस होता, पण बॅटरी जुनी. यूपीएस ओरडला आणि मिनिटभरात डोळे मिटले. मशीन परत सुरू केलं तर डी ‘रॉ’, म्हणजे विंडोजला तिच्यातलं काहीच वाचता येईना. मी आधी विचारलं होतं, ‘बॅकअप आहे ना?’ ते म्हणाले, ‘आहे.’ होता. त्याच डीमध्ये, ‘बॅकअप’ नावाच्या फोल्डरात.

फोटोरेक हे हरवलेल्या फाइली शोधणारं साधन चालवून फाइली परत आल्या, पण फोटोरेक फाइलींची नावं आणत नाही. प्रत्येकीचं नाव म्हणजे एफ हे अक्षर आणि पुढे आकड्यांची माळ. तीन रात्री मी आणि त्यांचा कारकून एकेक उघडून ‘हा भाडेकरार, हे खरेदीखत’ करत बसलो होतो. त्या दिवसापासून मी बॅकअप आहे का हे विचारत नाही, ‘दाखवा’ म्हणतो. दुसऱ्या डिस्कवर आहे का, आणि त्यातल्या कुठल्याही तीन फाइली उघडतात का.

तर तुमच्यासाठी पहिलं काम म्हणजे बाहेरची हार्ड डिस्क. डी पूर्ण तिच्यावर कॉपी करा. सीचीही प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, घेऊन ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनांच्या संचातलं डिस्क-टू-व्हीएचडी हे छोटं पोर्टेबल साधन आहे, ते चालू विंडोजची अख्खी डिस्क एका फाइलीत बांधून देतं. त्यात फक्त सीवर, रिकव्हरीवर आणि ईएफआयवर खूण ठेवा. बाहेरची डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी. फॅट-३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. आणि अंकाची पानं तिसऱ्या जागी, म्हणजे क्लाउडवर किंवा मुलाच्या लॅपटॉपवर असू द्या.

दुसरं बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारं (एन्क्रिप्ट करणारं) विंडोजचं साधन. यावर आजकाल सगळ्यात जास्त लोक अडकतात. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून नव्या मशीनवर किंवा कोऱ्या इन्स्टॉलेशनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की एन्क्रिप्शन बहुतेक आपोआप सुरू होतं, होम आवृत्तीवरही. मालकाला पत्ताच नसतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सीच्या चौकोनात एनटीएफएसच्या शेजारी ‘बिटलॉकर एन्क्रिप्टेड’ लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर आधी मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ४८ अंकी रिकव्हरी की शोधा आणि कागदावर उतरवा. हो, कागदावर. मशीन निळ्या पडद्यावर ती की मागत असेल, तेव्हा त्याच मशीनमधल्या फाइलीत ठेवलेली की काय कामाची? त्यानंतर सेटिंग्जमधून डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा आणि डिस्क पूर्ण उलगडेपर्यंत वाट बघा. नुसतं स्थगित करून भागतं असं काही जण म्हणतात. विंडोजच्या स्वतःच्या साधनांपुरतं ते ठीक आहे. बाहेरचं सॉफ्टवेअर वापरायचं तर मी पूर्ण बंदच करतो. काम झाल्यावर परत सुरू करता येतं.

तिसरं, डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘गुड’ हवं. जुन्या हार्ड डिस्कवर रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरच्या (खराब झालेल्या किंवा संशयित कप्प्यांच्या) ओळी पिवळ्या झाल्या असतील तर पार्टिशनचा विषय तिथेच संपला. डेटा काढा आणि नवी डिस्क घ्या.

आता त्या पेन ड्राइव्हबद्दल. त्यातलं सॉफ्टवेअर कुठलंही असो, वापरू नका. पहिलं कारण, पोर्टेबल प्रोग्रॅम स्वतःला अपडेट करत नाही. पेन ड्राइव्हवर पडलेली आवृत्ती आठ-दहा वर्षांची असू शकते. विंडोज ७ च्या काळात ती चालली म्हणून आजच्या मशीनवर तिच्या हाती डिस्क देणं मला मान्य नाही. दुसरं कारण जास्त वाईट. अशा बऱ्याच ‘पोर्टेबल’ आवृत्त्या मूळ कंपनीच्या नसतातच, कोणीतरी क्रॅक करून बांधलेल्या असतात. यात एक ठरलेला प्रवास आहे. माणूस फुकट आवृत्ती घेतो, सगळी मांडणी करतो, अप्लाय दाबतो आणि तेव्हा कळतं की नेमकं हेच काम पैसे भरल्यावर होतं. मग तो ‘फुल व्हर्जन विथ की’ शोधतो. पासवर्ड लावलेली झिप मिळते, सोबत सूचना, ‘अँटिव्हायरस बंद करा’. पासवर्ड कशासाठी, तर अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून. अशा प्रोग्रॅमला आपण अ‍ॅडमिनचे अधिकार देतो. घराची किल्ली तर देतोच, वर तिजोरीही दाखवतो.

घ्यायचं तर बनवणाऱ्याच्या साइटवरून, आणि गूगलवर सगळ्यात वर दिसणारी ‘जाहिरात’ लिहिलेली लिंक सोडून. डिस्कजीनियस हे पार्टिशनचं सॉफ्टवेअर बनवणारे स्वतःच झिपमध्ये देतात, उलगडून चालवायचं. त्याच कामाचं जीपार्टेड फुकट आणि खुलं आहे, पण ते विंडोजमध्ये चालत नाही, पेन ड्राइव्हवरून मशीन बूट करावं लागतं. डाउनलोड झालेल्या ईएक्सईवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्सचा टॅब बघा. कंपनीचं नाव तिथे दिसायला हवं, आणि ‘डिटेल्स’ दाबल्यावर ‘सही वैध आहे’ असं. टॅबच नसेल तर मी पुढे जात नाही. ऑफिसच्या कामासाठी वापरताना परवान्याची अटही वाचा, कारण फुकट आवृत्ती पुष्कळदा फक्त घरगुती वापरासाठी असते.

चालवायचं कुठून? पेन ड्राइव्हवरून थेट नाही. समोरच्या यूएसबीच्या ढिल्या खाचेत लावलेला पेन ड्राइव्ह मधेच सुटला तर प्रोग्रॅम स्वतःच्या पायाखालची फळी गमावतो. जे पार्टिशन बदलायचंय त्याच्यावरूनही नाही. तुमच्या बाबतीत डीला हात लागणार, म्हणून फोल्डर सीवर ठेवा.

आता प्रत्यक्ष काम. माझी पद्धत थोडी आडवळणाची वाटेल, पण डीची डावी कड ओढायचीच नाही. डीचा डेटा बाहेरच्या डिस्कवर तपासून ठेवलाय ना? मग डिस्क मॅनेजमेंटमधून डी सरळ डिलीट करा. त्याआधी डीवर कुठला प्रोग्रॅम इन्स्टॉल आहे का, आणि विंडोजची पेज फाइल (रॅम कमी पडली की लागणारी) किंवा डेस्कटॉप फोल्डर तिथे हलवलाय का, ते बघा. असेल तर आधी परत सीवर आणा किंवा प्रोग्रॅम काढून टाका. मशीनला दुसरी डिस्क लावलेली असेल तर ती काढून ठेवा, बाहेरची डिस्कसुद्धा. सारख्या आकाराच्या दोन डिस्क समोर असल्या की हुशार माणूसही चुकीच्या डिस्कवर क्लिक करतो.

डी गेली की रिकव्हरीच्या उजवीकडे मोठी मोकळी जागा दिसेल. आता पोर्टेबल सॉफ्टवेअर उघडा आणि त्याला एकच काम द्या. ७५० एमबीचं रिकव्हरी पार्टिशन उचलून मोकळ्या जागेत १०० जीबी उजवीकडे सरकवायचं. डावी कड हलतेच आहे, पण आत माल पाऊण जीबीचा, म्हणून काम मिनिटभराचं. हे सगळं आधी नुसत्या रांगेत जमा होतं. अप्लाय दाबेपर्यंत डिस्कवर काहीही लिहिलेलं नसतं. तेव्हा मोबाइलने पडद्याचा फोटो काढा, कुठली डिस्क, कुठलं पार्टिशन, किती एमबी ते मोठ्याने वाचा, मग अप्लाय. हे करताना मला हसणारे लोक भेटलेत. हसू देत. अप्लायनंतर अनडू नसतं.

सॉफ्टवेअर ‘रीस्टार्ट करून करतो’ म्हणालं तर घाबरू नका, विंडोज सुरू होण्याआधीच्या काळ्या पडद्यावर ते काम करतं. पेन ड्राइव्हवरून बूट करायचं ठरलं तर दोन गोष्टी. आधी शिफ्ट दाबून शटडाउन करा, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपलेलं असतं. आणि तिथे ड्राइव्हची अक्षरं बदलतात, तुमची सी तिथे भलतंच अक्षर घेऊन बसलेली असेल. नावावर जाऊ नका, आकार बघा. डिस्कच दिसली नाही तर तो इंटेलच्या व्हीएमडी या डिस्क हाताळणाऱ्या सोयीचा खेळ असू शकतो. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन स्टोरेजचा मोड बदलू नका. त्याने डिस्क दिसेल, पण विंडोज उठणार नाही.

रिकव्हरी सरकलं की बाहेरचं सॉफ्टवेअर बंद करा. बाकीचं विंडोजच करेल. सीवर राइट क्लिक, एक्स्टेंड व्हॉल्यूम, १०० जीबी. काही सेकंदांत सी २१९ ची. उजवीकडच्या उरलेल्या सुमारे २४५ जीबीत नवं पार्टिशन करा, त्याला अक्षर डीच द्या आणि बाहेरच्या डिस्कवरचा डेटा परत तिथे कॉपी करा, म्हणजे कोरलमधल्या चित्रांच्या लिंक तुटणार नाहीत. मधे कुठे विंडोजने ‘बेसिक डिस्क डायनॅमिक करू का’ विचारलं तर नाही म्हणा. तिथून परत यायला फार सायास पडतात. शेवटी अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘रीएजंटसी’ ही कमांड ‘इन्फो’ जोडून (reagentc /info) चालवा. ‘एनेबल्ड’ दिसलं तर रिकव्हरी जागेवर आहे. नसेल तर तीच कमांड ‘एनेबल’ जोडून (reagentc /enable).

आणि गडबड झालीच तर? विंडोज तीन गोष्टी विचारेल: डिस्क इनिशियलाइज करू का, फॉरमॅट करू का, दुरुस्त करू का. तिन्हींना नाही. एसएसडीवर फॉरमॅट केलं की विंडोज ट्रिमचा, म्हणजे ती जागा पुसून टाकायचा हुकूम सोडतं, मग तो डेटा सहसा कोणी परत आणू शकत नाही. मशीन बंद करा. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावा, शक्य असेल तर आधी तिची सेक्टरनिहाय प्रत करा आणि त्या प्रतीवर टेस्टडिस्क चालवा. नुसतं पार्टिशन टेबल बिघडलं असेल तर तेही पोर्टेबल आणि फुकट साधन पुष्कळदा हरवलेलं पार्टिशन जसंच्या तसं शोधून देतं. जे सापडेल ते त्याच डिस्कवर वाचवू नका, एवढंच.

राहिले ते हजार रुपये. वर लिहिलेलं वाचून हात थरथरला नसेल तर स्वतः करा, एक दुपार पुरते. थरथरला असेल तर त्या दुरुस्तीवाल्याला द्या, पैसे जास्त नाहीत. फक्त तो बॅग उघडायच्या आत त्याला विचारा, ‘आधी बॅकअप कुठे घेणार?’ ‘लागत नाही हो ताई, रोज करतो मी’ असं म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा.